छोट्या गाडीचा रंग आणि हवेचा हिशोब

बेळगाव भागात हुबेहूब छोटं काहीतरी घडवायला कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. दिवाळी जवळ आली की गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात, बुरुज, दरवाजे, पायऱ्या सगळं मापात. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये राबणाऱ्यांना मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे सांगायची गरज नाही. तरीही स्केल मॉडेल गाड्यांच्या छंदात पडलेली बरीच मंडळी रंगापाशी येऊन अडतात. जोडून ठेवलेली गाडी झकास दिसते आणि रंग मारला की तीच गाडी जत्रेतलं खेळणं वाटायला लागते. असं का होतं आणि त्यावर घरच्या घरी पेंट बूथ, म्हणजे मागे पंखा असलेली रंगकामाची पेटी, हा उपाय कसा करायचा, ते इथे नीट उलगडून सांगतो. यातला निम्म्याहून अधिक भाग हवेबद्दल आहे. रंगाचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा हवेमुळेच.

आधी प्रमाण समजून घेऊ. गाड्यांच्या किटमध्ये, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचात, सर्वाधिक चालणारं प्रमाण १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलवर अर्धा इंच. जपानी किट बहुधा याच प्रमाणात येतात, अमेरिकन किट बऱ्याचदा १:२५ मध्ये. आपली अ‍ॅम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब होती. १:२४ मध्ये ती १८ सेंटिमीटर होते, तळहातावर मावेल एवढी.

लांबी, रुंदी, चाकं, आरसे सगळं चोवीसपट लहान झालं. पण रंग? कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर (खालचा पाया), रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा थर असतो. चोवीसने भागलं तर मॉडेलवर तो ५ मायक्रॉनच्या आत हवा. इतका पातळ थर कुठल्याही गनने मारता येत नाही. अगदी जपून काम केलं तरी तीन थर मिळून ५० मायक्रॉनच्या पुढे जातो. म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटर जाडीचं प्लास्टर केल्यासारखं. आता दरवाजाची फट घ्या. खऱ्या गाडीत ती ४ मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर जेमतेम ०.१७ मिलिमीटर. दोन्ही काठांवर ५०-५० मायक्रॉन रंग चढला की उरते ०.०७. दरवाजा आणि बॉडी एकजीव दिसायला लागतात. म्हणून जाणकार लोक प्रायमरच्या आधीच या रेषा बारीक टोकाच्या हत्याराने थोड्या खोल करून घेतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

मेटॅलिक रंगाचंही असंच. गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानातून खऱ्या गाडीचाच रंग शंभर मिली आणावा, असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. साध्या, म्हणजे सॉलिड रंगाला ते चालतं. मेटॅलिकमध्ये मात्र ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. २० मायक्रॉनचा कण मॉडेलच्या हिशोबात अर्धा मिलिमीटर होतो आणि गाडी चमकी लावल्यासारखी दिसते. त्यासाठी मॉडेलचेच बारीक कणांचे रंग घ्यावेत. आणि धूळ? ५० मायक्रॉनचा कण म्हणजे बॉनेटवर सव्वा मिलिमीटरचा खडा.

थोडक्यात, गाडी लहान होते, पण रंगाचा थेंब, धुळीचा कण आणि हवेतली वाफ लहान होत नाही. त्यांना ताब्यात ठेवायचं साधन म्हणजे बूथ.

जोडणीबद्दल थोडंच सांगतो, कारण किटसोबतचा कागद बरंच शिकवतो. हे किट पॉलिस्टायरिन प्लास्टिकचे असतात. ते जोडायचा मॉडेल सिमेंट हा चिकटवणारा डिंक नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरून जोड पक्का होतो. म्हणून सिमेंट कमी लावायचा. बॉडीवर साच्याच्या दोन भागांची पार्टिंग लाइन दिसते, फौंड्रीवाल्यांच्या डोळ्यांत ती लगेच भरेल. कास्टिंगचं फेटलिंग करतात तसंच इथे चारशे-सहाशे नंबरच्या सँडपेपरने ती घासून काढायची. मग भांड्यांच्या साबणाने बॉडी धुवायची, कारण साच्यातून सुटण्यासाठी मारलेलं तेलकट द्रव्य तिच्यावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. किट मिळालं नाही तर खेळण्याच्या दुकानातली डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, गाडी खोलून पुन्हा रंगवणं हीदेखील उत्तम सुरुवात आहे.

रंगांचे ढोबळ प्रकार तीन: पाण्यातले ॲक्रिलिक, लॅकर आणि एनॅमल. लॅकर पटकन वाळतो, पातळ बसतो आणि पॉलिशला सुंदर येतो. गाडीच्या बॉडीसाठी माझी पसंती त्यालाच आहे. एक नियम मात्र मोडू नका: एनॅमलवर लॅकर मारायचा नाही. लॅकरचा थिनर इतका जहाल असतो की खालचा एनॅमल सुरकुततो. उलट, वाळलेल्या लॅकरवर एनॅमल बिनधास्त चालतो. गॅरेजमध्ये गाड्यांच्या रंगात घालतात तो एन. सी. थिनर तर उघड्या प्लास्टिकलाही खातो, म्हणून प्रायमरचे पहिले एक-दोन हात नुसत्या धुक्यासारखे, लगेच सुकतील इतके हलके मारायचे.

पेंट बूथ नक्की काय करतो?

इथे गैरसमज फार आहेत. पुष्कळांना वाटतं, बूथ म्हणजे धूळ येऊ नये म्हणून केलेली पेटी. खरं तर घरगुती बूथ पंख्याने हवा मागे ओढतो, आणि ओढलेल्या हवेच्या जागी खोलीतली हवा समोरून आत येते, तिच्यातल्या धुळीसकट. म्हणजे खोली धुळीने भरलेली असेल तर बूथ ती धूळ थेट गाडीवर आणून घालतो. बूथ धूळ अडवतो हे अर्धसत्य आहे. त्याचं मुख्य काम रंगाचे उडालेले कण आणि थिनरची वाफ तुमच्या नाकापासून दूर नेणं हे आहे.

यातले कण आणि वाफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कण फिल्टरवर अडतात. वाफ अडत नाही. ती कापडातून, फोममधून, कापसातून आरपार जाते. म्हणून ज्या बूथचं तोंड पुन्हा खोलीतच उघडतं, तो बूथ भिंती रंगण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. पाइप खिडकीतून बाहेर गेलाच पाहिजे. कापडी मास्कचं आणि साध्या एन-९५ चंही तसंच, कमी-जास्त कण रोखतील, वाफ नाही. लॅकर मारताना ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज, म्हणजे थिनरची वाफ शोषणारी डबी, लावलेला रबरी हाफ मास्क वापरा, बूथ असला तरी.

आता हिशोब. बूथच्या तोंडाशी हवा किती वेगाने आत गेली पाहिजे? कारखान्यांतल्या रंगाच्या बूथसाठी मिनिटाला १०० फूट हा जुना, रुळलेला आकडा आहे. म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. समजा तुमच्या पेटीचं तोंड ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच आहे. क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर. त्याला अर्ध्या मीटरने गुणलं की सेकंदाला ०.१३५ घनमीटर, तासाला सुमारे ४९० घनमीटर हवा.

पंख्याच्या खोक्यावर तासाला घनमीटर असा आकडा छापलेला असतो. तो पाहून ५०० चा पंखा आणाल तर फसाल. तो आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा असतो. पुढे फिल्टर आणि मागे पाइप जोडला की हवा अडते, आणि पात्यांचा साधा एक्झॉस्ट फॅन अशा अडथळ्यापुढे लवकर दम सोडतो. म्हणून छापील आकडा गरजेच्या दुप्पट तरी असावा. शक्य असेल तर पात्यांच्या पंख्याऐवजी ब्लोअर घ्या, ज्यात हवा मधून शिरते आणि कडेने फेकली जाते. किचन चिमणीत हाच ब्लोअर असतो. घरात चिमणी बदलायची असेल तर जुनी भंगारात घालू नका. संगणकातले छोटे पंखे लावून बूथ करायची कल्पना मात्र सोडून द्या. फिल्टर लावला की त्यांच्याने फारसं काही ओढलं जात नाही.

पाइपाच्या बाबतीत एक इंचही हलक्यात घेऊ नका. वरचीच हवा ६ इंची पाइपातून गेली तर तिचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात मीटर होतो. ४ इंची पाइपातून ती साडेसोळा मीटरने पळावी लागते. वेग सव्वादोनपट, पण अडथळा पाचपटीहून जास्त. पाइप शक्य तितका आखूड, सरळ आणि ताणलेला ठेवा. चिमणीचा घड्यांचा पाइप सैल सोडला की त्या प्रत्येक घडीत हवा अडखळते.

पेटी बांधताना

पेटी प्लायवूडची करा किंवा मोठ्या प्लास्टिक स्टोरेज बॉक्सची. खोक्याच्या पुठ्ठ्याची केली तरी काही दिवस चालते, पण थिनर सांडला की संपली. मला १२ मिलिमीटर प्लायची आवडते. पेटीची खोली ४५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे गाडीमागे हात फिरवायला जागा मिळते. आतून पांढरा रंग द्या, रंगाची खरी छटा कळते.

खरी कारागिरी मागच्या भिंतीत आहे. पंखा थेट मागच्या फळीला बसवला तर हवा फक्त मधल्या गोलातून ओढली जाते आणि कोपरे निपचित राहतात. म्हणून मागच्या फळीपासून ८-१० सेंटिमीटर पुढे जाळी लावा, जाळीवर फिल्टर पसरा आणि पंखा त्यामागच्या फळीवर बसवा. मधल्या मोकळ्या जागेमुळे ओढ सगळ्या फिल्टरभर पसरते. फिल्टर म्हणून गादी-उशीवाल्यांकडे मिळणारी पॉलिस्टरची पातळ शीट पुरते. ती रंगाने भरली की काढून दुसरी लावायची.

बूथ तयार झाला की रंगाला हात लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. थिनरचा डबा खोलीबाहेर ठेवा, पंखा सुरू करा आणि एक उदबत्ती पेटवून बूथच्या तोंडाशी हळूहळू फिरवा. मध्यभागी धुराची रेघ ताठ आडवी होऊन आत जाते. कोपऱ्याकडे नेलं की कधी कधी तीच रेघ आत जाऊन वळते, पेटीच्या कडेला एक छोटा भोवरा करते आणि पुन्हा तुमच्याकडे येते. रंगाचं धुकंही नेमकं तिथूनच तोंडावर येणार. त्यावर उपाय म्हणजे फिल्टरमागे, पंख्याच्या समोर पुठ्ठ्याची एक चौकोनी पट्टी उभी करायची, म्हणजे मधली ओढ कमी होऊन कडांना वाटली जाते. पट्टी थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवत धूर चारही कोपऱ्यांत सरळ जाईपर्यंत थांबा. या कामाला अर्धा तास जातो आणि त्यानंतर बूथची खात्री पटते.

हवा बाहेर जाते तेवढीच आत यायला वाट हवी, हे बरेच जण विसरतात. दार-खिडक्या गच्च बंद करून पंखा लावला तर तो नुसता गरगरतो. बूथच्या समोरच्या बाजूचं दार चार बोटं उघडं ठेवा आणि त्यावर ओलसर पातळ पडदा सोडा. पाइपाच्या शेजारची खिडकी मात्र बंदच हवी, नाहीतर बाहेर टाकलेली वाफ वळून आत येते. शहापूर, वडगावसारख्या जुन्या वस्तीत घराला घर लागून असतं, तेव्हा आपला पाइप शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून नाही ना, ते आधी पाहा. गच्चीवरची खोली मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आगीचा विचार

एअरब्रशमधून, म्हणजे पेनासारख्या धरायच्या छोट्या गनमधून, मिनिटाला साधारण १ मिली रंग जातो. तो सगळा टोल्युइन, म्हणजे थिनरमधला ज्वलनशील द्रव, धरला तरी त्याची वाफ पाव लिटरहून कमी होते, आणि त्याच मिनिटात बूथमधून ८,००० लिटर हवा निघून जाते. टोल्युइनची वाफ पेट घ्यायला हवेत तिचं प्रमाण किमान १.१ टक्का लागतं. आपण त्याच्या कित्येक पट खाली आहोत. स्प्रे कॅनचं गणित वेगळं आहे. त्यात रंग ढकलायला बहुधा ज्वलनशील गॅसच भरलेला असतो आणि तो सेकंदाला अर्धा ग्रॅम तरी बाहेर पडतो. वरच्या मापाची पेटी सव्वाशे लिटरचीही नाही. पंखा बंद ठेवून तिच्यात वीस सेकंद कॅन दाबून धरला तर आतली हवा पेट घेण्याइतकी भरू शकते. पंखा चालू असेल तर हेच मिश्रण वाहून जातं.

म्हणून क्रम ठरलेला: आधी पंखा, मग रंग, रंग थांबल्यावरही पंखा दहा मिनिटं चालू. पंख्याचं बटण पेटीच्या बाहेर, हाताच्या अंतरावर. ब्रश असलेली मोटर, म्हणजे मिक्सरमध्ये असते तशी, हवेच्या वाटेत कधीही नको, तिच्यात ठिणग्या उडतात. दिवा एलईडी आणि पेटीच्या बाहेरून. आणि लाईट गेली की एअरब्रश खाली ठेवायचा, 'एवढा एक हात मारतो' म्हणायचं नाही.

आणखी एक इशारा, आणि तो मी जोर देऊन देतो. गॅरेजमध्ये काचेसारखी चमक आणणारा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, मिळतो, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. घरगुती बूथ आणि साधा कार्ट्रिज मास्क यांच्या भरवशावर तो घरात मारू नका. लॅकर क्लिअर मारून दोन हजारच्या पुढच्या पेपरने पाण्यात घासा, पॉलिश करा. चमक तशीच येते, फक्त मेहनत जास्त.

पावसाळा आणि आपली हवा

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, आणि खानापूर-जांबोटीकडे तर जून ते सप्टेंबर भिंतींनाही पाझर फुटतो. या दिवसांत लॅकर मारला की लकाकता काळा रंग बघता बघता दुधाळ होतो. दोष रंगाचा नसतो. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि तो पृष्ठभाग काही अंशांनी थंड पडतो. हवेतली आर्द्रता ९० टक्के आणि तापमान २३ अंश असेल, तर पृष्ठभाग जेमतेम दोन अंश थंड झाला तरी दव धरतं. तेच पाण्याचे सूक्ष्म थेंब ओल्या रंगात अडकून पांढरे दिसतात. हिवाळ्यात २५ अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल तर दव धरायला पृष्ठभाग १४ अंशांपर्यंत उतरावा लागतो, तेवढा तो उतरत नाही. म्हणूनच डिसेंबरमधलं काम देखणं होतं.

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ घ्या, स्वस्तात मिळतं. ७० च्या वर गेलं की लॅकर बंद. तेव्हा जोडणी, घासकाम, आतल्या सीट आणि डॅशबोर्ड पाण्यातल्या रंगाने करा. अगदीच अडलं तर थिनरमध्ये थोडा रिटार्डर घाला, तो वाळणं लांबवतो आणि पाण्याला निसटायला वेळ देतो. कॉम्प्रेसरमध्येही हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, म्हणून मॉइश्चर ट्रॅप लावाच आणि टाकी असेल तर काम झाल्यावर तळाचा नळ उघडून पाणी काढून टाका.

जानेवारीपासून प्रश्न उलटा होतो. कोरडा वारा सुटतो, तांबडी माती उडते. कोरड्या फडक्याने पुसलेलं प्लास्टिक विजेने भारलं जातं आणि धूळ स्वतःहून ओढून घेतं. गाडी ओलसर कापडाने पुसायची, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, पंखा पाच मिनिटं आधी चालू करून उडणारं सगळं निघून जाऊ द्यायचं. रंग मारून झाला की गाडी बूथमध्ये वाळत ठेवू नका, कारण तिथे हवेसोबत धूळ येतच राहते. झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. उन्हात तर मुळीच नाही, पॉलिस्टायरिन वाकतं.

हात बसवायचा असेल तर

एअरब्रशला ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि गाडीपासून ८-१० सेंटिमीटर अंतर, इथून सुरुवात करा. रंग गाईच्या दुधाइतका पातळ असावा. वाटीच्या कडेवर चढवून पाहा, एकसारखा पडदा करून खाली उतरला पाहिजे. पहिले हात अर्धवट झाकणारे मारा, शेवटचा एकच ओला.

हाताची चाल शिकायची तर गणपतीच्या आधी एखाद्या मूर्तिशाळेत जाऊन परवानगीने तासभर उभे राहा. त्यांची गन मोठी, रंग बहुतेक पाण्यातला, पण मनगटाकडे बघा. गनचा खटका मूर्तीच्या बाहेर दाबला जातो, हात एका वेगाने मूर्तीवरून सरकतो आणि मूर्ती ओलांडल्यावरच खटका सुटतो. हात सुरू होताना आणि थांबताना रंग जास्त पडतो, तो मूर्तीवर पडूच दिला जात नाही. नवशिक्या मॉडेलवाल्याच्या बॉनेटवर जो ओघळ येतो, तो बहुतेक याच जागी. अंतरही बघा, खांद्याकडून गुडघ्याकडे येताना मूर्ती आत-बाहेर वळते तसा हातही वळतो आणि अंतर तेवढंच राहतं. गाडीच्या छतावरून काचेच्या उतारावर येताना नेमकं हेच करायचं असतं.

सुरुवातीला बॉडीवर सराव नको. प्लास्टिकचे जुने चमचे घ्या. त्यांचा फुगवटा मडगार्डसारखाच असतो. चमच्यावर प्रायमर, रंग, क्लिअर सगळं करून वाळवा, मागे रंगाचं नाव आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा. असे चमचे साठले की कुठल्या हवेत कुठला रंग कसा बसतो याची तुमची स्वतःची वही तयार होते. त्यानंतर आवडती गाडी हातात घ्या: पद्मिनी घ्या, मारुती ८०० घ्या, नाहीतर वडापची ट्रॅक्स मोजून स्वतः प्लास्टिकच्या शीटमधून कापा. तिचं किट कुठे शोधत बसू नका. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीला टेप लावा, फुटाला अर्धा इंच धरा आणि कागदावर उतरवा.

काम संपल्यावर उरलेला थिनर मोरीत ओतायचा नाही. काचेच्या बाटलीत ठेवला की रंग तळाला बसतो आणि वरचा निवळ थिनर एअरब्रश धुवायला पुन्हा चालतो. रंगाची फडकी आणि भरलेला फिल्टर बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण वाळवूनच कचऱ्यात टाका.